पोशाख शर्यतीचा, धडा रस्त्याचा

मुलांनो, टीव्हीवर मोटारींची शर्यत तुम्ही पाहिली असेलच. गाड्या सूं सूं करत निघून जातात आणि आपण नुसते डोळे विस्फारून बघत राहतो. पण शर्यत सुरू होण्याआधी काय चालतं, तिकडे कधी लक्ष दिलंय? ड्रायव्हर गाडीत बसायच्या आधी कितीतरी वेळ नुसता तयारीच करत असतो. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंतचा जाड पोशाख, डोक्याला टोपडं, त्यावर हेल्मेट, खांद्यांवर खोगिरासारखं काहीतरी, हातमोजे, बूट. मग दुसरा माणूस येऊन त्याला पट्ट्यांनी सीटला आवळून बांधतो. जणू स्वारी चंद्रावरच निघाली आहे!

हे सगळं ऐटीसाठी असतं का? मुळीच नाही. त्यातली एकेक वस्तू कुणाचा तरी जीव गेल्यावर माणसाला सुचली आहे.

शर्यत म्हणजे फक्त परदेशातल्या लोकांचा खेळ, असंही समजू नका. भारताचा नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला. आपल्या कोल्हापुरात गो-कार्टच्या म्हणजे छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यती होतात. तिथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ स्पर्धेपर्यंत पोचला. पुण्याचे संजय टकले रॅलीत गाडी चालवतात. या खेळात पुष्कळ जण हौशी असतात. आठवडाभर नोकरी-धंदा किंवा शाळा-कॉलेज आणि सुटीच्या दिवशी शर्यत. अशा हौशी मंडळींना साहित्य स्वतःच निवडावं लागतं. ते कसं निवडतात, ते आज पाहू. डहाणू-तलासरीकडच्या मुलांनी तर हे नीट वाचावं. का, ते पुढे सांगते.

तीन शत्रू, तीन प्रश्न

एस.टी.चा ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो तेव्हा काय होतं? गाडी थांबते, पण उभी असलेली माणसं पुढच्यांच्या अंगावर कोसळतात. गाडी थांबली तरी आपलं शरीर थांबत नाही, ते त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतं. आता हिशेब करा. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळली, तर आतल्या न बांधलेल्या माणसाची अवस्था जवळजवळ ४० मीटर उंचीवरून खाली पडल्यासारखी होते. म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून! शर्यतीतल्या गाड्या तर याहून कितीतरी जोरात पळतात.

अशा वेळी शत्रू तीन असतात. पहिला डोक्याला लागणारा मार, दुसरा शरीराचं फेकलं जाणं आणि तिसरा आग. म्हणून कोणतीही वस्तू घेताना शहाणा शर्यतपटू तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू कोणत्या शत्रूसाठी बनवली आहे? ती परीक्षा पास झाल्याची खूण तिच्यावर आहे का? आणि ती मला नेमकी बसते का? रंग कुठला, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

डोकं सांभाळणारा डबा

आधी एक प्रयोग करा, मोठ्या माणसांना सोबत घेऊन. दोन सारखे डबे घ्या. एकात नुसतं अंडं ठेवा. दुसऱ्यात अंड्याच्या चहूबाजूंनी चुरगळलेला कागद दाबून भरा. आता दोन्ही डबे सारख्या उंचीवरून खाली टाका. कोणतं अंडं वाचण्याची शक्यता जास्त? हेल्मेटचं काम अगदी असंच चालतं. बाहेरचं कवच कडक असतं, पण खरा मार झेलतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो दबतो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो.

पण एकदा दबलेला तो थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट, वरून ओरखडाही नसला तरी, बाद करायचं असतं. आणि म्हणूनच कुणाचं वापरलेलं हेल्मेट विकत घ्यायचं नसतं. त्याने काय काय सोसलंय, ते बाहेरून कळत नाही.

आता खुणेची गोष्ट. अमेरिकेत पीट स्नेल नावाचा एक हौशी शर्यतपटू होता. १९५६ साली शर्यतीत त्याच्या डोक्याला मार लागून तो वारला. हेल्मेट त्याने घातलं होतं बरं का! पण ते कुचकामी ठरलं. तेव्हा त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी मिळून १९५७ साली त्याच्या नावाची संस्था काढली. हेल्मेटं आपटून, ठोकून त्यांची परीक्षा घ्यायची, हे तिचं काम. आजही चांगल्या हेल्मेटच्या आत ‘स्नेल’ची चिकटपट्टी असते. तिच्यावर ‘एसए’ ही अक्षरं असली तर ते मोटार शर्यतीचं हेल्मेट. त्याची आगीतही परीक्षा होते आणि गाडीतल्या लोखंडी सांगाड्यावर आपटल्यासारखीही. ‘एम’ अक्षर म्हणजे मोटारसायकलचं. त्याची आगीची परीक्षा होत नाही. आपल्या स्कूटरच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण असते. ते रस्त्यासाठी योग्य, पण मोटारीच्या शर्यतीसाठी नव्हे. मुलांच्या कार्टिंगसाठी ‘सीएमआर’ खुणेची वेगळी, हलकी हेल्मेटं मिळतात, कारण लहान मुलांच्या मानेला जड हेल्मेट पेलत नाही.

आणि माप? शिंप्याची टेप भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती गुंडाळायची. त्या मापाचं हेल्मेट घालून, पट्टा लावून मान हलवायची. गाल दाबल्यासारखे वाटले पाहिजेत आणि हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. मागून वर उचलून ते निघून आलं, तर ते मोठं आहे. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात ना? दोन वर्षं चालावा म्हणून? हेल्मेटच्या बाबतीत हा हिशेब अगदी चुकीचा आहे.

चिकूची पेटी आणि पट्टे

घोलवडचे चिकू पेटीत कसे भरतात, ते आमच्याकडच्या मुलांना माहीत आहे. गच्च भरलेली फळं लांबच्या बाजारातही धड पोचतात. सैल भरली तर वाटेतच ठेचकाळतात. माणसाचंही तसंच आहे. आपल्या मोटारीतला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोलिन या इंजिनियरने तयार केला. शर्यतीत तेवढ्याने भागत नाही. तिथे सहा ठिकाणी अडकणारे पट्टे असतात. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि दोन मांड्यांमधून. मधली बकल मात्र एका हाताने, एका झटक्यात उघडते. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, खाली कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. हाडं जोर सोसतात, पोटातले नाजूक अवयव सोसत नाहीत.

पट्ट्यांनाही औषधासारखी मुदत असते. उन्हाने आणि घासून घासून धागे कमजोर होतात, म्हणून पट्ट्यावरच्या लेबलवरची तारीख वाचायची. आणखी एक गोष्ट. असा पट्टा हौसेने घरच्या गाडीत बसवायचा नाही. त्याच्या जोडीला शर्यतीची सीट आणि छताखाली लोखंडी सांगाडा लागतो. नाहीतर गाडी उलटून छत दबलं, की घट्ट बांधलेल्या माणसाला बाजूला वाकताही येत नाही.

बरं, अंग असं बांधलं, पण डोकं? ते तर मोकळंच! धडक झाली की खांदे जागच्या जागी राहतात आणि हेल्मेटसकट डोकं पुढे झेपावतं. कवटीचा तळ आणि मान यांवर भयंकर ताण येतो. अमेरिकेतले रॉबर्ट हबर्ड हे प्राध्यापक आणि त्यांचा शर्यतपटू मेहुणा जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकात यावर उपाय शोधला. खांद्यांवर बसणारं, खोगिरासारखं हे साधन पट्ट्यांखाली दाबलेलं असतं आणि दोन दोऱ्यांनी हेल्मेटला जोडलेलं असतं. त्याचं नाव ‘हान्स’. पुष्कळ शर्यतपटूंनी आधी नाकं मुरडली. टोचतं, अवघडतं, कशाला हवं? १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा नामांकित शर्यतपटू भिंतीवर आदळून वारला. त्याने हान्स घातलं नव्हतं. कवटीच्या तळालाच इजा झाली होती. त्याच वर्षी त्या मालिकेत असं साधन सक्तीचं झालं आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्येही.

आगीशी गाठ

चुलीपाशी वावरताना नायलॉनचे कपडे घालू नकोस, असं आजी सांगते. शर्यतीचा नियमही तोच आहे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. म्हणून शर्यतीचा पोशाख, आतले कपडे, टोपडं आणि मोजे नोमेक्ससारख्या, लवकर पेट न घेणाऱ्या धाग्याचे असतात. बुटाचे तळवे पातळ असतात, म्हणजे पायाला पेडल नीट कळतं.

हा पोशाख आग विझवत नाही, तो फक्त बाहेर पडायला थोडा वेळ देतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमां ग्रोजां याची गाडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि भडका उडाला. सुमारे २८ सेकंद तो त्या ज्वाळांत होता. तरीही तो स्वतः बाहेर आला. हात भाजले, पण जीव वाचला. हेल्मेट, पट्टे, हान्स, पोशाख आणि डोक्याभोवतीची ‘हेलो’ नावाची मजबूत कमान, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. यातली एक जरी वस्तू घरी विसरली असती तर?

गो-कार्टचं मात्र वेगळं. तिथे पट्टाच नसतो. गाडी उलटली तर मुलगा बाहेर फेकला जातो आणि जमिनीवर घासतो. म्हणून कार्टिंगचा पोशाख घासलं तरी न फाटणारा हवा. शिवाय बरगड्यांना जपणारं जाकीट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट. शत्रू बदलला की वस्तू बदलते, ती अशी.

पालकांसाठी थोडं

मूल शर्यतीचा हट्ट धरत असेल, तर पहिला खर्च नव्या, खूण असलेल्या हेल्मेटवर करा. ज्या स्पर्धेत उतरायचं तिची नियमावली आधी वाचा आणि मगच खरेदी करा. आपल्या देशात एफएमएससीआय या संघटनेच्या परवान्याखाली स्पर्धा होतात आणि कोणत्या खुणा चालतील हे नियमांत लिहिलेलं असतं. स्वस्तातल्या नकली मालावरही खोटी लेबलं असतात, तेव्हा खात्रीच्या दुकानातून पावतीसह घ्या. सुटीत गंमत म्हणून कार्ट चालवायला गेलात, तर केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत घ्या आणि ओढणी, मफलर काढून ठेवा. केस किंवा ओढणी चाकाजवळच्या फिरत्या भागात अडकून आपल्या देशात जीव गेलेले आहेत.

सूर्या नदीचा पूल

आता डहाणू-तलासरीची गोष्ट. मुंबई-अहमदाबाद महामार्ग मनोर सोडला की चारोटीला येतो, पुढे तलासरी आणि मग आच्छाडनंतर गुजरात. या रस्त्याने रात्रंदिवस ट्रक धावतात आणि आपल्या कितीतरी पाड्यांवरची मुलं याच रस्त्याच्या कडेने शाळेत जातात.

चारोटीजवळ या महामार्गावर सूर्या नदीचा पूल आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मोटार या पुलावर कठड्याला धडकली. गाडी चांगली महागडी, नामांकित कंपनीची होती. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले. त्यांतले एक होते टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री. मागच्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता. पट्टे गाडीत होते, हाताच्या अंतरावर होते.

साऱ्या देशाने त्या दिवशी चारोटीचं नाव ऐकलं. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा बांधायचा, हा नियम तर आधीपासूनच होता. न बांधणाऱ्याला १००० रुपये दंडही आहे. पण आपण म्हणतो, मागे कशाला? जवळच तर जायचंय! अर्नहार्टच्या काळातले शर्यतपटू हान्सबद्दल असंच म्हणत होते ना?

आणि एक फरक लक्षात घ्या. शर्यतीच्या ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. कडेला मोकळी जागा असते, झेंडे घेतलेली माणसं असतात, डॉक्टर आणि रुग्णवाहिका तयार असते. आपल्या महामार्गावर समोरून उलटा येणारा ट्रक असतो, गाय असते, डोक्यावर मोळी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई असते. म्हणून शर्यत लावायची ती ट्रॅकवरच, रस्त्यावर कधीही नाही. तीन-तीन जणांनी मोटारसायकलवर बसून आच्छाडपर्यंत पैज लावणं याला खेळ म्हणत नाहीत.

तर दोस्तांनो, या आठवड्यात एवढं करा. घरातलं हेल्मेट उलटं करून आयएसआयची खूण शोधा. ते बाबांच्या आणि ताईच्या डोक्यावर नीट बसतं का, ते मान हलवायला लावून बघा. चार वर्षांवरच्या मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, तेव्हा तुमचं स्वतःचं कुठे आहे, तेही विचारा. आणि कुणाच्या मोटारीत मागे बसाल तेव्हा पट्टा ओढा, खट्ट आवाज येईपर्यंत अडकवा आणि शेजारच्यालाही सांगा. काका हसले तर हसू देत. त्यांना सूर्याच्या पुलाची गोष्ट सांगा.