सावलीच्या मध्यावरचा उजेड

प्रकाश म्हणजे लाट असेल, तर आवाजासारखा तो कोपऱ्याआडून का वळत नाही? न्यूटनच्या कणवादी अनुयायांचा हा आक्षेप रास्त होता. पण प्रकाशही वळतो. त्याची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी असल्याने ते सहसा जाणवत नाही, इतकेच. १८१८ मध्ये फ्रेनेल यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तरंगांचे गणित मांडले. त्यातूनच प्वासाँ यांनी दाखवले, की मग गोल चकतीच्या सावलीत बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. त्यांना हे अशक्य वाटले. आरागो यांनी छोटी चकती घेऊन पाहिले, आणि ठिपका दिसला! कडेच्या प्रत्येक बिंदूपासून मध्य सारख्याच अंतरावर असल्याने तिथे सगळ्या लाटा एका तालात पोचतात. आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या प्रकाशकणांनीही हा पुरावा खोडला गेला नाही. अकादमीचे १८१९ चे पारितोषिक फ्रेनेल यांना मिळाले ते योग्यच होते.