वर्षाला दोन मासे

खिशात पेन नसेल, तर न्यूझीलंडच्या राकाया नदीवर सॅमनच्या मागे जाण्यात अर्थ नाही. मासा ठेवायचा ठरवून मारला, की तिथल्या तिथे, ओल्या हातांनी का होईना, सॅमनसाठीच्या कार्डावर नोंद करावी लागते. 2021-22च्या मोसमापासून नियम आला: नॉर्थ कँटरबरी आणि सेंट्रल साउथ आयलंड या दोन्ही विभागांत मिळून एका परवानाधारकाने मोसमभरात समुद्रातून आलेले दोनच सॅमन ठेवायचे. आधीची मर्यादा दिवसापुरती होती. नदीकाठी राहणारा, वेळ हाताशी असणारा माणूस तिच्या आत राहूनही बरेच मासे घरी नेऊ शकत होता. सुट्टी काढून येणाऱ्याच्या नशिबी मात्र रिकामी पिशवी.

गंमत म्हणजे हा मासा मुळात तिथला नाहीच. 1870च्या दशकात वसाहतवाल्यांनी सॅमनची अंडी मागवून पाहिली, पण जम बसला नाही. मग लेक एसन या मत्स्य अधिकाऱ्याच्या पुढाकाराने 1901 ते 1907 या काळात कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यातून अंडी आली. वायताकी नदीच्या खोऱ्यात हाकातारामेआ इथे ती उबवली गेली आणि पिल्लं समुद्रात जाऊन, वाढून, खरोखर परतली. पुढे शास्ता धरणाने कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर सॅमनची वाट बंद केली. तिथले विनेमेम विंटू आदिवासी न्यूझीलंडचे सॅमन आपल्याच माशांचे वंशज मानतात. 2010 मध्ये ते राकायाच्या काठी येऊन विधिवत नाचले.

इंग्लंड-स्कॉटलंडात सॅमनची नदी म्हणजे जमीनदाराची मिळकत. न्यूझीलंडने तो प्रकार येऊच दिला नाही: मासेमारीचा हक्क विकता येत नाही आणि गळाला लागलेला सॅमनही विकता येत नाही. बाजारात मिळतो तो पाळलेला. नियम ठरवणारी ‘फिश अँड गेम’ ही 1990 मध्ये उभी राहिलेली संस्था परवान्यांच्या पैशावर चालते आणि तिचे सदस्य परवानाधारकच निवडून देतात. म्हणजे मंत्र्यांची मंजुरी लागत असली, तरी दोन माशांचं बंधन गळवाल्यांनी स्वतःवरच घालून घेतलं. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद ठेवायला सरकारी आदेश लागतो, हे आठवलं की कौतुक वाटतं.

मासे उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर-जानेवारीपासून नदीत शिरू लागतात. गोड्या पाण्यात आल्यावर ते खाणं सोडतात, त्यामुळे खरं आमिष फारसं कामाचं नाही. चमच्यासारखं चमकणारं धातूचं खोटं आमिष तोंडापुढून गेलं की चिडून चावतात. गळ तोंडाऐवजी पोटात किंवा पाठीत अडकला, तर मासा सोडून द्यावा लागतो. वरच्या अंगाला, जिथे ते अंडी घालून मरतात, तिथे मोसम खालच्यापेक्षा आधी संपतो.

दोन माशांचं बंधन आलं, कारण परतणारे मासे घटले होते. समुद्र तापला, आणि नदीतही सुख नाही. वायताकी धरण 1930च्या दशकात बांधलं, तेव्हा माशांसाठी वाट ठेवली नाही. रांगिताता नदीचं पाणी वळवणारा 67 किलोमीटरचा कालवा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाला. समुद्राकडे निघालेली पिल्लं त्यात शिरून शेतांकडे वाहून जात, आणि त्यांना अडवणाऱ्या चाळणीचा प्रश्न दशकानुदशकं रेंगाळला.

राकायाला 1988 मध्ये राष्ट्रीय जलसंरक्षण आदेशाचं कवच मिळालं. लेक कोलरिजमधलं साठवलेलं पाणी शेतीला मिळावं म्हणून 2013 मध्ये त्यात बदल झाला. शेतकऱ्याची गरज खोटी नाही. पण गळवाल्याला एकेक मासा मोजायला लावणाऱ्या व्यवस्थेने कालव्यांचा हिशेब मात्र फार सैल हाताने ठेवला.