सणाच्या आदल्या रात्री

अकोल्याची कावड खरी पाहायची असेल, तर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची वाट पाहू नये. त्याच्या दोन-चार दिवस आधी जुन्या शहरात, हरिहर पेठेत, डाबकी रोडकडे एक चक्कर मारावी. मंडळांच्या कावडी तिथं बांधल्या जात असतात. लांब बल्ल्या, आडवे बांबू, दोर आणि त्यावर ओळीनं कसलेले भरणे. पाण्याच्या या भांड्यांना इथं भरणेच म्हणतात, आणि मोठ्या कावडीला ते पाचशे-हजारावर असतात. एकेकात लिटरभर पाणी धरलं तरी पाचशे भरण्यांचं नुसतं पाणीच पाच क्विंटल होतं. लाकूड आणि धातू वेगळे. रविवारी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून हे ओझं रात्रभर खांद्यांवरून सतरा-अठरा किलोमीटर आणायचं, तेही अनवाणी. एका अंगाला चार भरणे जास्त झाले की तिकडचे खांदे बसलेच. म्हणून बांधणारी जुनी मंडळी गाठ मारण्याआधी मागं सरून कावडीकडे डोळे बारीक करून पाहतात. एखादा चित्रकार कॅनव्हासकडे पाहील तसंच.

ही प्रथा 1944ची सांगतात. पाऊस रुसला होता, तेव्हा गावातल्या पोरांनी पूर्णेचं पाणी आणून ग्रामदैवत राजराजेश्वराला घातलं. आज ‘हर्र बोला महादेव’चा गजर डीजेच्या भिंतीखाली दबतो. माझं मत विचाराल तर सोमवारी शहर गर्दी पाहतं आणि कारागिरी आदल्या आठवड्यातच पाहून घ्यावी लागते. मुंबईत कला पाहायला 1952पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे. आपल्याकडे बघणाऱ्यालाच बोळीत शिरावं लागतं.

अमरावतीच्या दसऱ्यालाही हाच हिशोब लागू आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914मध्ये सुरू केलं आणि 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. दसरा मैदानावरची कसरत लोक टाळ्या वाजवत पाहतात. पण ती घडते आधीच्या संध्याकाळी, तालमीत. मल्लखांबाला एरंडेल चोळलेलं असतं, पोरगं चढतं, घसरतं, पुन्हा मिठी मारतं. सोनं लुटायला गेलेल्या गर्दीला हे घसरणं दिसत नाही.

अमरावतीच्याच अंबादेवीच्या नवरात्राबद्दल मात्र एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत सत्याग्रहाची तयारी झाली आणि नोव्हेंबर 1927मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. या लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुखही होते. ‘आपल्या गावचा उत्सव’ म्हणताना त्यातला ‘आपल्या’ किती जणांचा होता, हे अंबागेटातून जत्रेकडे वळताना आठवलेलं बरं.

पोरींच्या भुलाबाईच्या सणाला तर देऊळ नाही, मंडळ नाही, की वर्गणीही नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीच्या भुलाबाई-भुलोबापुढे पोरी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. मग डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची: खुळखुळलं तर फुटाणे, गप्प राहिलं तर शिरा, आणि हुशार आई मुद्दाम दोन्हींच्या मधलं काहीतरी करते. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर उभारतात. सोयाबीन आलं आणि ज्वारी मागं पडली. आता शहरातल्या बाईला ते पाच धांडे बाजारातून विकत आणावे लागतात.

हा अंक हातात असेल तेव्हा कोजागिरी होऊन गेलेली असेल. पण हंगाम संपलेला नाही. दिवाळीनंतर मेळघाटात आदिवासींचे घुंगरू बाजार भरतात. 20 डिसेंबरपासून चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा लागते, ती जानेवारीभर चालते. रोडगे गोवऱ्यांवर तिथंच भाजतात, हंडीतलं मटण तिथंच शिजतं. सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा सापडत नाही, तेव्हा मधल्या वारी जा, आणि सकाळीच जा.