कांद्याच्या मुळांना विचारू या

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याच्या तपासणी अहवालात सामू, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, विरघळलेले क्षार असे आकडे असतात. ते मर्यादेत असले की पाणी सोडायला हरकत नाही असे मानतात. पण हे पाणी पेशीतील गुणसूत्रांना इजा करते का, याचे उत्तर यांपैकी एकाही आकड्यात नाही. रासायनिक पृथक्करण करावे, तर काय शोधायचे हे आधी ठाऊक हवे, आणि सांडपाण्यात तर कितीतरी पदार्थ एकत्र मिसळलेले असतात. अशा वेळी आम्ही जिवंत पेशीलाच विचारतो. ती पेशी असते कांद्याच्या मुळाची.

कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे १६च, आणि चांगली मोठी. मुळाच्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटर भागात पेशींचे विभाजन सतत चालू असते. कोल्चिसिनचा या विभाजनावर होणारा परिणाम स्वीडनचे आल्बर्ट लेवान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांतच अभ्यासला. (माणसात ४८ नव्हे, ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली त्जिओ यांच्यासह दाखवणारे लेवान ते हेच.) पुढे १९८५ मध्ये गैरिड फिस्केस्यो यांनी प्रदूषणाच्या तपासणीसाठी ही चाचणी प्रमाणित पद्धत म्हणून मांडली.

कृती साधी आहे. लहान, एकसारखे कांदे घ्यावेत, वाळलेली साले व जुनी मुळे काढावीत आणि कांद्याचा फक्त तळ पाण्याला टेकेल असे परीक्षानळीच्या तोंडावर ठेवावेत. काही नळ्यांत स्वच्छ पाणी, काहींत सांडपाणी वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून. तीन दिवसांनी मुळांची लांबी मोजावी. एवढा भाग शाळेतही जमेल. मात्र हातमोजे हवेतच.

लांबी कमी भरली म्हणजे गुणसूत्रे बिघडली, असे मात्र नाही. पाणी आम्लधर्मी असेल, खारट असेल, त्यात ऑक्सिजन कमी असेल, तरी मुळे खुरटतात. खरा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागतो. मुळांची टोके तीन भाग अल्कोहोल व एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवून पेशी आहेत त्या स्थितीत स्थिर करतात. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून मऊ करतात, अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवतात आणि काचपट्टीवर दाबून पसरतात. समजा, मोजलेल्या १००० पेशींपैकी ९० विभाजनाच्या अवस्थेत आहेत, तर विभाजनांक ९ टक्के.

त्याहून बोलका पुरावा पश्चावस्थेत मिळतो. या अवस्थेत गुणसूत्रांचे दोन गट विरुद्ध टोकांकडे ओढले जातात. गुणसूत्रे तुटून त्यांची टोके चुकीची जुळली, तर एकाच गुणसूत्रावर ओढ लागणाऱ्या दोन जागा येतात. ते दोन्हीकडे ताणले जाते आणि मधे पूल दिसतो. तुटलेला तुकडा मागे राहिला, तर पुढे त्याचे वेगळे सूक्ष्मकेंद्रक बनते. स्वच्छ पाण्यातील मुळांतही असे दोष क्वचित दिसतात. म्हणून तुलनेच्या कांद्यांवाचून या चाचणीला काही अर्थ नाही.

ब्राझीलमधील क्रिस्ताइस नदीत कापड रंगवण्याच्या कारखान्याचे सांडपाणी मिसळते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साल्मोनेला जिवाणूंच्या चाचणीने या नदीच्या पाण्यात उत्परिवर्तन घडवण्याची क्षमता आढळली, आणि तिचा संबंध काळ्या रंगाच्या व्यापारी मिश्रणातील अझो रंगांशी जोडता आला. विशेष म्हणजे हे सांडपाणी प्रक्रिया केलेले होते. पुढे अझो रंगांच्या सांडपाण्यात कांद्याचे बी रुजवले, तेव्हा मुळांच्या टोकांतही गुणसूत्रांचे दोष दिसले. सूत रंगवण्याच्या गावांत राहणाऱ्या वाचकांना हे परके वाटू नये.

कांदा म्हणजे माणूस नव्हे. आपल्या यकृतात अनेक पदार्थांचे रूपांतर होते. काही निरुपद्रवी बनतात, तर काही उलट घातक. कांद्यात ते तसेच होईल असे नाही. म्हणून दोष दिसले तर तो इशारा समजावा आणि पुढच्या चाचण्या कराव्यात. दोष दिसले नाहीत म्हणून पाणी पिण्याजोगे आहे, असे मुळीच ठरत नाही.

आणखी एक. कोंब येऊ नयेत म्हणून कांद्यांना गॅमा किरण देतात; लासलगावला त्यासाठी २००२ मध्ये केंद्र उभे राहिले. अशा कांद्यातील विभाजन किरणांनीच थोपवलेले असते, त्यामुळे तो या प्रयोगाला चालणार नाही. आणलेले दोन-तीन कांदे आधी साध्या पाण्यावर ठेवून मुळे फुटतात ना, ते पाहावे आणि मगच त्याच ढिगातले बाकीचे प्रयोगाला घ्यावेत.