माध्यमिक स्तरावर शाश्वत आहार व पोषणाचे अध्यापन : जऊळका परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
जऊळका हे वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यामधील, अकोला-पूर्णा लोहमार्गावरील गाव होय. परिसरातील शेती मुख्यत्वे कोरडवाहू असून खरिपात सोयाबीन व तूर, तर रब्बीत हरभरा ही येथील महत्त्वाची पिके आहेत. तिन्ही पिके प्रथिनांनी समृद्ध आहेत. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शिवारात जे पिकते आणि ताटात जे येते, यांतील हे अंतर माध्यमिक शाळेच्या अध्यापनाचा विषय व्हावे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

माध्यमिक स्तरच का?
१५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली व २०२१ पासून 'प्रधानमंत्री पोषण' या नावाने ओळखली जाणारी शालेय भोजन योजना इयत्ता आठवीपर्यंतच लागू आहे. उच्च प्राथमिक विद्यार्थ्यास तिच्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. नववीत प्रवेश करताच हा आधार संपतो. नेमक्या याच वयात शरीराची वाढ झपाट्याने होते व मुलींची लोहाची गरज वाढते. त्यामुळे ताटातील अन्नाची निवड समजून करण्याची क्षमता याच टप्प्यावर निर्माण होणे आवश्यक ठरते.

शाश्वत आहाराची संकल्पना :
शरीराचे पोषण करणारा, जमिनीचा कस टिकविणारा आणि कुटुंबास परवडणारा आहार तो शाश्वत आहार, अशी सोपी व्याख्या विद्यार्थ्यांपुढे मांडता येईल. ज्वारी हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिचे दाणे माणसास, कडबा जनावरास आणि जनावराचे शेण जमिनीस मिळते. तुरीच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. ज्वारी-तुरीच्या मिश्र पिकात आहार व जमीन या दोहोंचा विचार आपोआप साधला जात असे. विदर्भात सोयाबीनचा विस्तार होत गेला, तसे खरीप ज्वारीचे क्षेत्र घटले. सोयाबीनने शेतकऱ्यास रोख पैसा दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु ते बहुतांशी बाजार समितीमार्गे तेलगिरणीत जाते, घरातील डब्यात नव्हे.

अध्यापनाची दिशा :
यासाठी स्वतंत्र विषयाची गरज नाही. गणिताच्या तासाला पुढील उदाहरण देता येईल : १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, ९० ग्रॅम ज्वारी व १० ग्रॅम सोयाबीनच्या मिश्र पिठात ती सुमारे १३ ग्रॅम होतात. सोयाबीन उकळून, वाळवून मगच का दळावे, याचे उत्तर विज्ञानाच्या तासाला मिळते; कच्च्या दाण्यातील प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक उष्णतेने निष्प्रभ होतात. जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण कमी करतो, तर लिंबू व आवळा ते वाढवितात, ही माहिती शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीशी जोडून सांगता येते. भूगोलाच्या तासाला तरोटा, अंबाडी, शेवगा, हरभऱ्याची कोवळी पाने यांचे ऋतुमान विद्यार्थ्यांनी आजीला विचारून नोंदवावे. शाळेतील परसबाग ही या सर्वांची प्रयोगशाळा ठरेल.

ही दिशा विदर्भास परकी नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमने उत्पादक श्रमास शिक्षणाचे माध्यम मानले. सेवाग्राम येथील आनंद निकेतन शाळेत शेती व स्वयंपाक आजही शिकण्याचा भाग आहेत.

एक सावधगिरी :
पोषणाचे अध्यापन म्हणजे डब्यांची तपासणी नव्हे. कोरडी भाकर आणणाऱ्या विद्यार्थिनीस वर्गात संकोच वाटला, तर अध्यापनाचा हेतूच पराभूत होतो. अनेक घरांत उणीव ज्ञानाची नसून मजुरीची असते. म्हणूनच रानभाजीस 'गरिबाचे अन्न' न मानता तिला अभ्यासाची प्रतिष्ठा देणे, हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या अध्यापनासाठी खर्चिक साधनांपेक्षा शिवार, स्वयंपाकघर व पाठ्यपुस्तक यांना जोडणारी दृष्टी अधिक आवश्यक आहे. ती भावी शिक्षकांत रुजविण्याची जबाबदारी महाविद्यालयांची, पर्यायाने आपली आहे. मात्र ज्ञान हे अन्नाला पर्याय ठरू शकत नाही. शालेय भोजनाचा लाभ दहावीपर्यंत वाढविण्याची मागणीही शिक्षणक्षेत्राने तितक्याच आग्रहाने मांडावयास हवी.