रोजे चालू, तरी वजन का उतरत नाही?

रमजानमध्ये दिवसभर अन्नपाणी नाही, तरी काही जणांचा वजनकाटा हलत नाही. नवरात्राचे उपवास करणाऱ्यांचीही हीच तक्रार असते. दोष लगेच इफ्तारच्या भज्यांवर येतो. तो खोटा नाही. पण शरीरातली कारणेही पाहायला हवीत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पोटाभोवती चरबी साठली की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. म्हणून काट्यासोबत कंबरही मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर साखर तपासा.

थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे असेल, तर थायरॉइडची तपासणी करा. पाळी अनियमित असेल, तर पीसीओएसची शंका घ्या. स्टेरॉइडनेही वजन वाढते. पण औषध स्वतःहून बंद करू नका. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यावी लागते. रोजात तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. तरावीह ते सहरी झोप तुटते, त्यानेही भूक वाढते. दुपारी थोडी झोप घ्या.

गोंदिया धानाचा जिल्हा. भात सोडायची गरज नाही. इफ्तारला खजूर, पाणी, मग उकडलेले चणे, भाजी, तलावातली मासोळी; भात शेवटी आणि थोडा. सरबताऐवजी ताक. सहरीला डाळ, अंडे, दही आणि जवसाची चटणी. एवढे करूनही वजन वाढतच राहिले, तर स्वतःला खादाड म्हणू नका, डॉक्टरांकडे जा.