पोवळ्यांचा किनारा आणि चाकांवरचे घर

पोवळे म्हटले की आपणांस अंगठीत बसविलेला तांबडा खडा आठवतो. नवरत्नांत त्याची गणना आहे आणि पत्रिकेतल्या मंगळाशी त्याचे नाते जोडलेले आहे. परंतु ते तांबडे पोवळे मुख्यत्वे भूमध्य समुद्रातून येते, आणि समुद्रात भिंती व बेटे उभारणाऱ्या प्रवाळांहून ते निराळे आहे. आज विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या, बांधकाम करणाऱ्या प्रवाळांचा. त्यांची एक लहानशी वसाहत आपल्याच राज्यात मालवणास आहे. खांदा कॉलनीतून निघावे, पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता धरावा, कर्नाळ्याचा सुळका, महाड, कशेडी, चिपळूण, राजापूर मागे टाकीत कसालला उजवीकडे वळावे. सुमारे साडेचारशे किलोमीटरांवर ती वसाहत भेटते. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासूनच सुरू होतो, म्हणजे या प्रवासाचे दार आपल्याच अंगणात उघडते.

हा प्रवास अलीकडे काही हौशी मंडळी कॅरावॅनने करू लागली आहेत. झोपण्याची, रांधण्याची आणि न्हाणीघराची सोय असलेली मोटार म्हणजे कॅरावॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. चाकांवरचे घर घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, मन मानेल तेथे थांबावे आणि समुद्रात डोकवावे, ही कल्पना रम्य आहे यात संशय नाही. पण ज्याच्या दारी पाहुणे म्हणून जावयाचे, तो यजमान कोण आणि त्याची प्रकृती कशी, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

प्रवाळ दिसतो धोंड्यासारखा, पण तो प्राणी आहे. किंबहुना हजारो इवल्या प्राण्यांची ती एक चाळ आहे. प्रत्येक बिऱ्हाडकरू समुद्रातल्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाड्यादाखल देते. म्हणून प्रवाळाला उथळ, उबदार आणि नितळ पाणी लागते. पाणी गढूळ झाले की प्रकाश अडतो आणि गाळ अंगावर बसून तोंडे बुजतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले तर तो आपल्या भाडेकऱ्याला हाकलून देतो. रंग त्या शैवालाचा असल्यामुळे प्रवाळ पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अवघा एक अंश अधिक उष्मा काही आठवडे टिकला, तरी एवढे घडू शकते. पांढरा प्रवाळ लगेच मरत नाही. पण उपासमार लांबली तर मरतो. असे जागतिक विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाले, आणि चौथे झाल्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये करण्यात आली.

आता कोणी विचारील की, लक्षद्वीपची बेटेच्या बेटे प्रवाळांनी बांधली, मग कोकणाने काय पाप केले? याचे उत्तर आपल्या पावसात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगलू नावाचा किनारा आहे. तेथे सुमारे २६० किलोमीटर लांबीची प्रवाळभित्ती जमिनीला अगदी लगटून आहे, आणि लोक कॅरावॅन घेऊन तिच्या कडेकडेने हिंडतात. त्या किनाऱ्यामागे रुक्ष प्रदेश आहे. गाळ आणील अशी बारमाही नदी नाही. याउलट कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, अर्जुना, गड या आखूड आणि वेगवान नद्या आपण वाटेत एकामागून एक ओलांडतो. त्या साऱ्या सह्याद्रीची माती घेऊन समुद्राला मिळतात. मालवणच्या उत्तरेस गड नदीची आणि दक्षिणेस कर्लीची खाडी आहे. या दोहोंच्या मधे, खडकांच्या आडोशाने, जे प्रवाळ तग धरून आहेत ते बहुतेक गोलसर धोंड्यांसारखे, गाळ सोसणारे आहेत. चित्रांत दिसतात तशी नाजूक शिंगांची वने येथे शोधू नयेत. येथली शोभा चिकाटीची आहे.

ही चिकाटी ओळखूनच १९८७ साली मालवणच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर परिसराला सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. १६६४ साली ज्याची पायाभरणी झाली तो सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारचा पद्मगड याच पाण्यात आहेत. पण या घोषणेला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांचे भय समजण्यासारखे होते. पिढ्यान्पिढ्या ज्या पाण्यात रापण ओढली, तेथे उद्या मज्जाव झाला तर खायचे काय? पुढे समुद्रदर्शनाचा धंदा वाढला आणि मच्छीमारांच्या घरांतील तरुण वाटाडे झाले. जिवंत प्रवाळ हे त्यांचेही भांडवल ठरले. तथापि भांडवल खर्चून नफा दाखविण्याचा मोह येथेही आहेच.

समुद्रदर्शनाची साधने साधी आहेत. आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडला आहे, म्हणून डोळ्यांपुढे हवेची पोकळी ठेवणारा काचेचा मुखवटा लावतात. प्रकाश वाकत असल्यामुळे वस्तू खरी असते त्याहून सुमारे तृतीयांशाने मोठी दिसते. मासा केवढा होता हे सांगताना एवढी वजावट करावी. तोंडातली नळी हातभर लांबीचीच असते. ती वाढवून खोल का जाता येत नाही? कारण एक मीटर खोलीवरच पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या दशांशाने वाढतो आणि छाती फुगविणे जड जाते. शिवाय लांब नळीत आपलाच उच्छ्वास साचून परत आत येतो. म्हणून पृष्ठभागावर पालथे तरंगावे आणि खाली पाहावे, एवढीच ही विद्या. पावसाळ्यात ती बंद असते, आणि पावसानंतर गाळ बसून पाणी निवळू लागले म्हणजे तिचा हंगाम येतो.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एक फूट उंचीचा प्रवाळ म्हणजे तीस वर्षांची मेहनत. ती होडीच्या नांगराने किंवा दमलेल्या पोहणाऱ्याने टेकलेल्या पायाने क्षणात मोडते. छायाचित्रासाठी माशांना पाव-बिस्किटे चारली की जे मासे प्रवाळावरचे शेवाळ खाऊन तो स्वच्छ ठेवतात, त्यांची सवयच बदलते. उन्हाच्या मलमांतील काही द्रव्ये प्रवाळास घातक ठरतात, म्हणून हवाई बेटांत २०२१ पासून अशा मलमांच्या विक्रीवर बंदी आहे. आपल्याकडे २००१ पासून भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे आठवण म्हणून तुकडा खिशात घालणे हा गुन्हा आहे.

चाकांवरच्या घराची जबाबदारी याहून थोडी अधिक आहे. भांड्यांचे आणि आंघोळीचे साबणी पाणी वाळूत सोडले की ते भरतीबरोबर समुद्रात जाते. त्यातल्या खताने शेवाळ माजते आणि प्रवाळाची जागा बळकावते. तेव्हा टाकी किनाऱ्यावर रिती करू नये. मुक्कामाच्या ठिकाणी मैल्याची सोय आहे ना, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. अंगभर कपडा घालून मलमाची गरज कमी करावी. उभे राहावेसे वाटले तर वाटाड्याच्या तरंगत्या कड्याला धरावे, खडकाला नव्हे. आणि होडी ठरविताना दर विचारतो तसेच नांगर कोठे टाकता, हेही विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला तर अकराव्याच्या आधी नांगराची जागा बदलते. समुद्र तापण्याचे थांबविणे एकट्यादुकट्याच्या हाती नाही. पण तापलेल्या पाण्यातून सावरू पाहणाऱ्या प्रवाळावर आपला पाय पडू न देणे, हे मात्र आहे.